खेळातल्या दुखापती आणि कायरोप्रॅक्टिक : काय तपासून घ्यावं, किती वेळा जावं, घरी काय करावं

कंबर धरली, मान आखडली, घोटा मुरगळला की खेळाडू म्हणतो, "काहीतरी सरकलंय, बसवून घ्यायला हवं." कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके आणि सांधे हाताने हलवून उपचार करणाऱ्याकडे, जाणारे बहुतेकजण हीच समजूत घेऊन टेबलावर झोपतात. ती आधी दुरुस्त करायला हवी. कितीदा जायचं, काय मागायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं तिच्यावरच ठरतं.

मणका असा सहज सरकत नाही. मणक्यांमधली गादी, हाडं जोडणारे चिवट पट्टे म्हणजे लिगामेंट आणि खोल स्नायू यांनी तो घट्ट बांधलेला असतो. दुखापतीनंतर सांध्याची हालचाल कमी होते, भोवतालचे स्नायू त्याला जपण्यासाठी आवळून बसतात आणि त्या भागातून येणारा साधा ताणही मेंदूला धोक्यासारखा वाटू लागतो. कायरोप्रॅक्टर 'ॲडजस्टमेंट' करतो तेव्हा सांध्याला अतिशय वेगाने, पण अगदी थोड्या अंतराचा झटका देतो. त्याने सांध्याचे पृष्ठभाग क्षणभर दूर होतात, आतल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि 'कट्' असा आवाज येतो. बोटांचे सांधे ओढताना एमआरआयखाली चित्रण करून २०१५ साली संशोधकांनी ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष पाहिली. म्हणजे तो आवाज हाड बसल्याचा नाही. एकदा वाजलेला सांधा पुढची साधारण वीस मिनिटं वाजतही नाही. आवाज आला नाही तरी उपचाराचा परिणाम होऊ शकतो, म्हणून "अजून एकदा, आवाज नाही आला" असा आग्रह धरू नका.

झटक्यानंतर आवळलेले स्नायू सैलावतात, दुखणं उतरतं, मान किंवा कंबर जास्त वळते. हा फरक खरा असतो, पण बहुधा काही तासांचा किंवा एक-दोन दिवसांचा. हीच मोकळीक वापरून योग्य व्यायाम केला तर सुधारणा टिकते. नाहीतर आठवड्याने पुन्हा तेच दुखणं घेऊन तुम्ही त्याच टेबलावर असता.

कुठे उपयोग होतो, कुठे नाही

सर्वांत भक्कम आधार कंबरदुखीत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात नव्या आणि जुन्या, दोन्ही प्रकारच्या साध्या कंबरदुखीसाठी औषधाविना करायच्या उपचारांत मणक्यांच्या मॅनिप्युलेशनचा, म्हणजे अशा झटक्याच्या उपचाराचा, समावेश आहे. व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ते वरचढ आहे असं मात्र नाही. मानदुखीत झटक्याला व्यायामाची जोड दिली तर गुण जास्त येतो. घोटा मुरगळून गेल्यावर पुढे वाकायला आखडलेला राहिला असेल तर सांधा हाताने मोकळा करण्याचा फायदा होतो. खांदा दुखणाऱ्या काहींना पाठीच्या मधल्या भागावर उपचार केल्यावर तात्पुरता आराम मिळतो.

स्नायू फाटला असेल, लिगामेंट तुटलं असेल, स्नायू हाडाला जोडणारं टेंडन दुखावलं असेल, हाडाला ताणाची बारीक चीर गेली असेल, तर झटक्याने त्यातलं काहीच भरून येत नाही. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू फाटल्यावर कंबरेला झटका देऊन हलकं वाटेल, पण फाटलेले तंतू तितकेच फाटलेले असतात. असं हलकं वाटलं म्हणून धावायला गेलेला खेळाडू दुसऱ्यांदा जखमी होतो, तो बहुधा जास्त वाईट.

झटका घेण्याआधी काय वगळायचं

हा भाग घाईत वाचू नका. उपचारातले गंभीर घोटाळे झटक्याच्या तंत्रापेक्षा चुकीच्या माणसाला झटका दिल्याने जास्त होतात.

*घोटा.* एक्स-रे लागेल का हे ठरवणारे ऑटवा नियम सोपे आहेत आणि मैदानावरही वापरता येतात. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाचं टोक, किंवा त्या हाडाची मागची कड टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत दाबून पाहा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्याजवळ करंगळीच्या लांब हाडाचा टेंगळासारखा पाया लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर हाडही दाबा. यांपैकी कुठेही नेमकं हाडावर दुखलं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तर आधी एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही चालतात, पण चार पडायला हवीत.

*वाढत्या वयातल्या खेळाडूची कंबर.* वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट, भालाफेकपटू, म्हणजे कंबर मागे वाकवून पिळणारे सगळे. विशीच्या आतला खेळाडू 'कंबरेत एका बाजूला, एका बोटाने दाखवता येईल असं' दुखतंय म्हणत असेल, मागे वाकल्यावर ते वाढत असेल आणि विश्रांतीने उतरत असेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीतल्या बारीक फ्रॅक्चरची शंका घ्यावी. वेगवान गोलंदाजात ते बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असतं. साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. तोपर्यंत त्या भागावर झटका नको. हे हाड भरायला महिने लागतात. लवकर ओळखलं तर ते भरण्याची शक्यता चांगली असते, म्हणून इथे 'दोन-तीन सेशन करून बघू' हा सल्ला महागात पडतो.

*कंबर आणि पाय.* लघवी अडणं किंवा सुटणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधला बसण्याचा भाग बधिर होणं, दोन्ही पायांत अशक्तपणा येणं : यातलं एक जरी असलं तरी थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात. काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. एका पायातला अशक्तपणा दिवसागणिक वाढत असेल, उदाहरणार्थ काल टाचेवर चालता येत होतं आणि आज पाऊल लोंबतंय, तरीही झटका नाही, डॉक्टर.

*मान.* मानेवरच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे फार क्वचित घडतं. शिवाय अशी चीर आधीच गेलेली असेल तर तिचं पहिलं लक्षणच मानदुखी असतं, आणि माणूस त्या दुखण्यासाठीच उपचाराला आलेला असू शकतो. म्हणून अचानक सुरू झालेली, 'अशी यापूर्वी कधीच दुखली नव्हती' अशी मान किंवा डोकेदुखी असेल, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, चेहऱ्याला बधिरपणा, तोल जाणं यांपैकी काही असेल, तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. आपत्कालीन विभाग गाठा. ही लक्षणं नसली तरी मानेला झटका नको असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हळुवार मोबिलायझेशन (झटका न देता सांधा हळूहळू हलवणं), पाठीच्या मधल्या भागावरचा उपचार आणि व्यायाम हे पर्याय आहेत, आणि चांगला कायरोप्रॅक्टर ते कुरकुर न करता देतो.

*डोक्याला मार.* खेळताना डोकं आपटलं आणि गोंधळल्यासारखं झालं, डोकं दुखलं, मळमळलं, तर त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांनी तपासेपर्यंत मानेला झटका नाही.

याखेरीज ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवातामुळे मानेच्या वरच्या सांध्यात आलेला सैलपणा, पूर्वीचा कर्करोग, ताप किंवा कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स : हे सगळं विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

पहिले दोन-तीन दिवस

ताज्या दुखापतीवर पहिल्या ४८ तासांत झटक्याची घाई नको. दुखणारा भाग जपा, पण पूर्ण निश्चल ठेवू नका. घोट्याला दाब देणारं बँडेज बोटांकडून वर गुंडाळा, पाय हृदयापेक्षा उंच ठेवा. बर्फाने दुखणं कमी वाटतं. पातळ फडक्यातून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. सुजलेल्या जागेला जोरात चोळणं आणि शेक हे दोन्ही टाळा. कंबर धरली असेल तर दर तासाला उठून दोन-चार मिनिटं चाला. अंथरुणाला खिळून राहिल्याने कंबरदुखी लांबते.

पहिली भेट कशी असावी

आधी माणूस कोण आहे ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण वेळ कायरोप्रॅक्टिक शिक्षणासाठी किमान ४,२०० तासांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यात किमान १,००० तास देखरेखीखालचं रुग्णकाम अपेक्षित आहे. काही आठवड्यांचा कोर्स करून मणक्यांवर हात चालवणारा माणूस या मापात बसत नाही. जिथे कायद्याने नोंदणी लागते तिथे नोंदणी तपासा.

जाताना जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि गेल्या चार आठवड्यांच्या सरावाची नोंद न्या. किती किलोमीटर, किती षटकं, किती सेट, किती दिवस. दुखापतीचं कारण बऱ्याचदा त्या नोंदीतच असतं. दोन आठवडे सुट्टी घेऊन थेट पूर्वीइतका भार उचलणं हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार.

तपासणीत किमान एवढं व्हायला हवं : दुखापत कशी झाली याची सविस्तर चौकशी, सांधा किती आणि कुठल्या दिशेने हलतो, पायातली किंवा हातातली ताकद, स्पर्शाची जाणीव आणि रिफ्लेक्स, सरळ पाय वर उचलून पाहण्यासारख्या चाचण्या, आणि तुमच्या खेळातली हालचाल प्रत्यक्ष करून पाहणं. पाच मिनिटांत टेबलावर झोपवून कडकड सुरू झाली तर उठा. सरसकट प्रत्येकाचा एक्स-रे काढून 'तुमचा कणा वाकडा आहे' दाखवणाराही टाळा. थोडं वाकडेपण निरोगी माणसांतही असतं आणि त्यावरून दुखणं ठरत नाही.

झटका देण्याआधी ते काय करणार आहेत, का, धोका काय आणि दुसरा पर्याय काय हे सांगून तुमची संमती घ्यायला हवी. त्याच वेळी एक मोजमाप ठरवून घ्या. घोट्यासाठी उत्तम माप म्हणजे गुडघा भिंतीला टेकवणं. अनवाणी उभं राहा, टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला लावा, आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती सेंटिमीटर लांब जातो ते पट्टीने मोजा. अनेकांचं माप दहा सेंटिमीटरच्या आसपास येतं, पण खरी तुलना स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी. दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर तो सांधा आखडलेला आहे. कंबरेसाठी पुढे वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती राहतात ते मोजा, आणि दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. उपचाराआधी आणि नंतर तेच माप घ्या. काही भेटींनंतर दुखण्याचा आकडा दोनाने तरी उतरला नाही, तर फरक पडला असं म्हणू नये.

उपचारानंतर अंग थोडं ठणकणं, थकवा, हलकी डोकेदुखी हे बऱ्याच जणांना होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री आयुष्यातला पहिला झटका घेऊ नका. निदान तीन दिवस हाताशी ठेवा. ४८ तासांनंतरही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, किंवा नव्याने मुंग्या आल्या, तर पुढची भेट झटक्याची नाही, पुन्हा तपासणीची.

किती भेटी

साध्या कंबरदुखीला किंवा मानदुखीला आठवड्याला एक-दोन भेटी, असे दोन-तीन आठवडे. चार ते सहा भेटींनंतर ठरवलेलं माप पुन्हा घ्यायचं. स्पष्ट सुधारणा असेल तर अंतर वाढवून थांबायचं. नसेल तर तीच गोष्ट आणखी दहा वेळा करण्यात अर्थ नाही, निदान पुन्हा तपासायला हवं. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस भेटींचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकणं हे उपचाराचं नियोजन नव्हे.

घरचा व्यायाम

उपचारानंतर हालचाल मोकळी असते तेव्हा, शक्यतो त्याच दिवशी, हलक्या मात्रेत सुरू करा. करताना दुखणं १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर मात्रा जास्त झाली : आधी फेऱ्या कमी करा, मग वजन.

कंबरेसाठी तीन व्यायाम पुरे आहेत. एक, पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दोन्ही हात कंबरेच्या खोलगटीखाली ठेवा आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढेच उचला. दोन, कुशीवर कोपर टेकवून साइड प्लँक, म्हणजे कंबर उचलून अंग सरळ रेषेत धरणं. जड गेलं तर गुडघे टेकवा. तीन, चार पायांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करा, मग बाजू बदला. प्रत्येक स्थिती दहा सेकंद धरा. पहिल्या फेरीत दर बाजूला सहा वेळा, दुसरीत चार, तिसरीत दोन. एक मिनिट ताणून धरण्यापेक्षा दहा-दहा सेकंदांचे तुकडे चांगले, कारण थकल्यावर कंबर खचते आणि ज्या सांध्याला जपायचं त्यावरच भार येतो. तिसऱ्या व्यायामात पाय फार वर उचलून कंबर खड्ड्यात घालणं ही नेहमीची चूक. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून पाय कमरेच्या रेषेतच ठेवा.

घोट्यासाठी भिंतीचंच माप व्यायाम म्हणून वापरा : गुडघा भिंतीकडे दहा वेळा, तीन फेऱ्या, टाच न उचलता. मग एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, तीन वेळा. ते सोपं झालं की डोळे मिटून, आणि पुढे चेंडू झेलत. एका पायावर टाचा उचलणं रोज वाढवत न्या. घोटा एकदा मुरगळला की पुन्हा मुरगळण्याचा धोका वाढतो, आणि तोल राखण्याचा सराव तो कमी करतो. सूज उतरली म्हणून हा सराव सोडणारे पुढच्या मोसमात परत येतात. पुढचे काही महिने खेळताना पट्टा किंवा टेप वापरणंही शहाणपणाचं.

दुखापत टाळायची असेल तर

इथे स्पष्ट बोलायला हवं. काही दुखत नसताना दर महिन्याला मणके 'ॲडजस्ट' करून घेतल्याने दुखापती टळतात, याला भक्कम पुरावा नाही. भक्कम पुरावा आहे तो व्यायामाला. कायरोप्रॅक्टरचा इथला खरा उपयोग आखडलेले सांधे आणि डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोसमाआधी शोधण्यात आणि तुमचा व्यायाम ठरवून देण्यात आहे.

फुटबॉलसाठी तयार झालेला 'फिफा ११+' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केलेल्या संघांत दुखापती लक्षणीय कमी झाल्या. त्यात आठ मिनिटं हळू धावणं आणि हालचाली, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, आणि शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं व दिशा बदलणं असतं. खेळ कुठलाही असो, ही रचना उचलता येते. लोक मधली दहा मिनिटं गाळतात, आणि दुखापत टाळणारा मुख्य भाग तोच असतो.

धावणाऱ्या खेळाडूंनी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग करायलाच हवा. गुडघ्यांवर उभं राहा, जोडीदाराने घोटे दाबून धरावेत, आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ राहून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुका. सुटल्यावर हातांवर पडा, हातांनीच ढकलून परत या. पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी पाचच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहाच्या दोन फेऱ्या. पुढे आठवड्यात तीन दिवस, हळूहळू वाढवत पाचव्या आठवड्यापर्यंत बारा, दहा आणि आठ अशा तीन फेऱ्या. मोसमात आठवड्यातून एकदा राखला तरी चालतो. पहिल्याच दिवशी तीस केले तर मांड्या चार दिवस ठणकतात आणि माणूस व्यायामच सोडतो. तो सरावानंतर करा, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. कमरेत वाकून नितंब मागे काढणं ही त्यातली फसवणूक आहे, त्याने भार निघून जातो.

वारंवार जांघ धरत असेल तर कोपनहेगन हा बाजूचा प्लँक : वरचा पाय बाकावर किंवा जोडीदाराच्या हातात, आणि खालचा पाय उचलून वरच्याला मिळवायचा. सुरुवातीला आधार गुडघ्याखाली घ्या, घोट्याखाली नंतर.

मैदानावर परत

दुखणं थांबलं म्हणजे तयारी झाली असं नाही. घोट्यासाठी : भिंतीचं माप दोन्ही पायांत जवळपास सारखं, दुखऱ्या पायावर टाचा उचलण्याची संख्या दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के, एका पायाची उडीही तेवढीच लांब, आणि आठच्या आकड्यात धावताना पाय न कचरणं. कंबरेसाठी : पूर्ण सराव दोन वेळा करून दुसऱ्या सकाळी ताठरपणा नेहमीइतकाच. हॅमस्ट्रिंगसाठी : दाबल्यावर दुखत नाही, ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत, आणि पूर्ण वेगाचं धावणं किमान दोन वेगवेगळ्या दिवशी बिनत्रासाचं झालेलं. पहिला सामना अर्धाच खेळा. दुसऱ्या सकाळी तेच माप पुन्हा घ्या आणि आकडा लिहून ठेवा.